एम. एकोजी राव यांच्या पेन्शन खात्यात आलेल्या पैजेच्या पैशांबाबत

मैलापूर, चेन्नई
दिनांक : १२ फेब्रुवारी २००७

प्रति,
श्रीमती अलकनंदा सबनीस,
उपव्यवस्थापक, परकी चलन विभाग,
भारत दख्खन बँक, क्षेत्रीय कार्यालय, चेन्नई.

(खासगी. पाकीट आपण स्वतः उघडावे.)

विषय : फुटबॉलच्या ऑनलाइन पैजेतून माझ्या पेन्शन खात्यात आलेले रु. ४३,२१४ ठेवताही येत नाहीत आणि परतही करता येत नाहीत, सबब खाते मोकळे करण्याबाबत.

संदर्भ : (१) आपल्या विभागाची इंग्रजी पत्रे, एकूण पाच, सूर एकच, तारखा वेगळ्या. (२) माझे इंग्रजी अर्ज, एकूण सात. (३) आपला दिनांक २ फेब्रुवारीचा दूरध्वनी.

महोदया,

१. खाली सही करणार हा शहात्तर वर्षांचा पेन्शनर असून आपल्या बँकेच्या मैलापूर शाखेत त्याचे बचत खाते गेली एकोणीस वर्षे आहे. हा माझा आठवा अर्ज. आधीचे सात इंग्रजीत होते, हा मराठीत आहे. त्याचे कारण शेवटी येईल. माझी मराठी तंजावरची आहे. घरात बोलतो ती दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची, आणि कागदावर लिहितो ती पोथ्या व पुण्याहून टपालाने येणारे एक मासिक वाचून शिकलेली. चूकभूल सांभाळून घ्यावी.

२. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात रेकॉर्ड सेक्शनला अडतीस वर्षे नोकरी केली. त्या काळात मला एकही मेमो मिळाला नाही. सन १९६७ मध्ये एका वरिष्ठांनी आपल्या मेहुण्याच्या सेवापुस्तकातली जन्मतारीख ‘दुरुस्त’ करण्यास सांगितले, ते मी केले नाही आणि माझी बढती चार वर्षे मागे पडली. ही बढाई नव्हे. पुढे याचा संबंध येणार आहे, म्हणून नमूद केले.

३. सन १९९६ पासून माझे पेन्शन चुकीचे ठरवले गेले आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याच्या थकबाकीसाठी मी नऊ वर्षांत पेन्शन कार्यालयाकडे तेवीस अर्ज केले. थकबाकीचा माझा आकडा रु. ४२,९०६. दिनांक २१ जुलै २००६ रोजी पासबुक भरून घेतले तेव्हा खात्यात रु. ४३,२१४ जमा झालेले दिसले. पुढचा मजकूर छपाईत पुसट होता. तीनशे आठ रुपये जास्त का, याचा मी काउंटरवर उभ्या उभ्या विचार केला आणि व्याज असेल असे ठरवले. सरकार व्याज देते असे मला अडतीस वर्षांत कधी दिसले नव्हते, तरीही ठरवले. माणसाला हवे ते दिसते.

४. त्या दिवशी मी एक किलो मैसूरपाक आणला. कपालीश्वराच्या देवळात अर्चना केली. पत्नी सौ. राजसबाई हिला पाच हजार रुपये दिले आणि हिशेब मागणार नाही असे सांगितले, जे लग्नानंतर प्रथमच घडले. आणि सोमवारी, दिनांक २४ रोजी, पेन्शन कार्यालयाला आभाराचे पत्र पाठवले. नऊ वर्षांत मी लिहिलेले मागणे नसलेले ते पहिलेच पत्र. तेवीस अर्जांपैकी एकाचेही उत्तर सहा महिन्यांच्या आत आले नव्हते. आभाराच्या पत्राचे उत्तर चार दिवसांत आले : ‘अर्जदारास रक्कम मिळाल्याचे त्याच्याच पत्रावरून दिसत असल्याने प्रकरण कायमचे बंद करण्यात येत आहे.’

५. यानंतर दिनांक १६ ऑगस्टचे आपल्या विभागाचे पहिले पत्र आले. परदेशातून आलेली ही रक्कम कशाची, अशी त्यात विचारणा होती. मी एका ओळीत ‘पेन्शनची थकबाकी’ असे उत्तर देऊन मोकळा झालो. रक्कम पाठवणारी कंपनी समुद्रापारच्या एका बेटावरची असून फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा घेते, हे मला आपल्या दुसऱ्या पत्रावरून कळले. खोटे निवेदन केल्याचा ठपकाही त्याच पत्रात होता. दिनांक १ सप्टेंबरपासून खात्यात पेन्शन जमा होते, पण बाहेर येत नाही.

६. आता मूळ घोटाळा सांगतो. आपण सोलापूरच्या, आपणांस ही रीत नवी वाटेल. तमिळनाडूत आडनाव लावत नाहीत, बापाच्या नावाचे आद्याक्षर पुढे लावतात. आणि आमच्या घराण्यात थोरल्या नातवाला आजोबाचे नाव ठेवतात, आजोबा जिवंत असला तरी. माझे वडील मानाजी, म्हणून मी एम. एकोजी राव. माझ्या मुलाला मी वडिलांचे नाव दिले, तो ई. मानाजी राव. त्याच्या मुलाला त्याने माझे नाव दिले, तो पुन्हा एम. एकोजी राव. सातव्या पिढीपर्यंत हेच दोन शिक्के आलटून पालटून मारलेले आहेत. पूर्वी आजोबा आणि नातू एकाच वेळी बँकेत जात नसत, त्यामुळे निभावले.

७. घरात मात्र माझ्या नातवाला एकोजी कोणी म्हणत नाही. सून सुष्मिता हिने सासऱ्याचे नाव घेऊन मुलाला ओरडायचे कसे, ही अडचण त्याच्या बारशालाच निघाली. म्हणून त्याला तरुण म्हणतात. दोन एकोजी आहेत ते फक्त कागदावर. मी आयुष्यभर कागदच सांभाळले, तरी हे माझ्या ध्यानात आले नाही.

८. तरुण पंचवीस वर्षांचा असून एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या जून-जुलैत जर्मनीत विश्वचषक झाला, तेव्हा संध्याकाळचे सामने आम्ही दोघे बसून पाहत होतो. मला फुटबॉल कळतो. आमच्या खात्याचा संघ लीगमध्ये खेळत असे आणि त्याची नोंदवही नऊ वर्षे माझ्याकडे होती. तरुण विचारी, तात्ता, कोण जिंकेल? मी सांगे. माझे गणित साधे आहे : चूक झाल्यावर ज्या संघाचे बचाववाले एकमेकांकडे बोट दाखवत नाहीत, तो शेवटपर्यंत टिकतो. त्या हिशेबाने मी पहिल्या आठवड्यातच इटली म्हटले होते.

९. आपले दुसरे पत्र मी त्याला वाचायला दिले. त्याने ते दोनदा वाचले, घडी घातली आणि खाली बघून म्हणाला, ‘‘तात्ता, ते पैसे पेन्शनचे नव्हेत. माझे. तुम्ही इटली म्हटलांत, मी इटलीवर लावले.’’ पैसे त्याने क्रेडिट कार्डाने भरले होते. तीनदा चालले, चौथ्यांदा कार्डाच्या कंपनीने नकार दिला, आणि अशा कामासाठी कार्ड वापरणे परकी चलनाच्या कायद्यात बसत नाही असे कळवले. तोवर इटली अंतिम सामन्यात पोचली होती. जिंकलेली रक्कम देताना पैज घेणाऱ्या कंपनीची अट अशी, की कार्डावर जे नाव तेच बँकेच्या खात्यावर हवे, एक अक्षर इकडेतिकडे चालणार नाही. कार्डावर एम. एकोजी राव. पण त्याच्या पगाराच्या खात्यावर नाव उलटे लागले आहे, कारण त्याच्या कंपनीच्या यंत्राला आडनाव लागते आणि त्यांनी बापाचे नावच आडनाव करून टाकले. त्या नावाला बेटावरून नकार आला. मग त्याने देवघराच्या फळीवरचे माझे पासबुक उघडले. त्यावर नाव अक्षरास अक्षर जुळत होते.

१०. तो मला सांगणार होता. पण शाखेतून मी मैसूरपाक घेऊनच आलो. त्याने दोन वड्या खाल्ल्या. मी त्याच्यावर रागावलो काय? रागावलो. तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी सामन्याबद्दल काहीतरी विचारायचे राहिले होते, ते विचारले.

११. त्यानंतर मी कायदा वाचला. ग्रंथालयात पाच सकाळी घातल्या. सन २००० च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत लॉटरीची तिकिटे, बंदी घातलेली मासिके आणि फुटबॉल पूल, म्हणजे सामन्यांवरच्या पैजा, एका ओळीत बसवले आहेत. यांसाठी देशाबाहेर पैसे पाठवण्यास मनाई. आत आलेल्या पैशांचे काय करावे, हे मला तरी त्यात सापडले नाही. आमच्या राज्याचा जुगाराचा कायदा सन १९३० चा. माझा जन्मही त्याच सालचा, त्यामुळे त्याला काय काय समजत नसेल याची मला कल्पना आहे. तो जुगाराच्या घराबद्दल बोलतो. आमचा संगणक देवघराला लागून आहे, तेव्हा जुगाराचे घर कोठून कोठपर्यंत धरावे? येथून बसने अर्ध्या तासावर गिंडीला घोड्यांवर पैसे लावता येतात, खिडकीवर तिकीट मिळते, सरकार कर घेते. घोडा धावला तर ते कौशल्य आणि अकरा माणसे धावली तर गुन्हा, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. इतके वाचल्यावर ते कोणाला तरी सांगावेसे वाटले.

१२. मी पैसे परत करण्याचा प्रयत्न केला. अर्ज क्रमांक तीनमध्ये विनंती केली, की रक्कम आली तशी बेटावर पाठवून द्यावी. आपल्या विभागाचे उत्तर : पैज घेणाऱ्या कंपनीस पैसे पाठवणे नियमाने मना आहे. म्हणजे मी पैसे ठेवले तर चौकशी आणि परत केले तर गुन्हा. तरुणकरवी त्या कंपनीलाही लिहिले, की आपण चुकीने दिलेत, मागून घ्या. त्यांनी चूक झालेली नाही असे कळवून अभिनंदन केले, आणि हेच पैसे पुन्हा त्यांच्याकडे भरल्यास वर वीस टक्के भेट देऊ असे लिहिले. सरकारी तिजोरीत भरायला गेलो, तर कोणत्या शीर्षाखाली भरता, असे विचारले. असे शीर्ष नाही. देवळाच्या हुंडीत, म्हणजे दानपेटीत टाकावे, तर खाते बंद. पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. तेथील अधिकारी सज्जन होते. पैसे कोणाचे गेले, असे त्यांनी विचारले. कोणाचेच गेले नाहीत, आले आहेत, असे सांगितल्यावर मग तक्रार कोणाची, असे म्हणून त्यांनी मला कॉफी पाजली.

१३. पाच महिन्यांचे पेन्शन काचेच्या पलीकडे आहे. दिसते, हाती येत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी राजसबाईला फुले, देऊळ आणि तिच्या गुडघ्यांच्या तेलासाठी पाचशे रुपये देत असे. आता सून देते. ती चांगल्या मनाने देते आणि मी नसताना देते, जेणेकरून मला दिसू नये. मला दिसते. मागे दिलेले पाच हजार राजसबाईने खर्च केलेच नव्हते. ते तिने परवा रुमालात बांधून मला आणून दिले आणि म्हणाली, ‘‘बँकेला देऊन टाका, आपणांस नको ते.’’ ते घेणारी खिडकी कोठेच नाही, हे तिला कसे समजावून सांगू, महोदया? मला लाज वाटली, एवढेच लिहितो.

१४. हे सर्व मी सोसले असते. नऊ वर्षे थकबाकीची वाट पाहणाऱ्याला आणखी वाट पाहणे जड नाही. पण डिसेंबरात तरुणची केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात निवड झाली. मार्चअखेर रुजू व्हायचे आहे. माझा मुलगा सरकारी नोकरीत गेला नाही, त्याचे मला दुःख नाही, असे मी सर्वांना सांगत आलो. नातवाचे निवडपत्र आले तेव्हा मला खोलीत जाऊन बसावे लागले. रुजू होण्याआधी चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरायचा आहे. त्यात एक रकाना आहे : ‘उमेदवाराचे नाव कोणत्याही बँकेच्या किंवा सरकारी चौकशीत आले आहे काय?’ ज्याने हा रकाना रेकॉर्डमध्ये अडतीस वर्षे वाचला, त्याला ‘होय’ लिहिल्यावर पुढे काय होते हे ठाऊक आहे. काही होत नाही. फाइल पडून राहते.

१५. आपल्या विभागाने पाठवलेल्या नमुन्यात ‘पैज लावणाऱ्याचे नाव’ असा रकाना आहे. ते नाव आल्यावर त्या इसमाला ताकीद मिळेल, त्याचे नाव बँकेच्या सावधगिरीच्या यादीत सात वर्षे राहील, ही रक्कम बाजूला काढून ठेवली जाईल आणि खाते मोकळे होईल. सप्टेंबरपासून मी तो नमुना भरायला नकार देत आलो. जुगारी म्हणून मी सही करणार नाही आणि नातवाला करू देणार नाही, असे माझे म्हणणे. त्यावर आपण २ तारखेला फोन केलात. आपले शब्द मी लिहून ठेवले आहेत : ‘‘आजोबा, मला कागदावर एक नाव हवं आहे. वय, जन्मतारीख असलं काही त्यात विचारलेलंच नाही.’’ पाच महिन्यांत त्या कार्यालयातून माझ्याशी माणसासारखे प्रथमच कोणी बोलले. आपण हे सहज म्हणालात की विचार करून, हे मी विचारत नाही आणि आपणही सांगू नये.

१६. गेल्या शुक्रवारी सकाळी तरुणने भरलेला नमुना पासबुकाखाली ठेवलेला मला दिसला. पैज लावणाऱ्याचे नाव : एम. एकोजी राव. खाली सही. ‘पैज लावणाऱ्याची अधिक ओळख’ या ओळीत त्याने आपल्या कंपनीचा ओळख क्रमांक घातला होता, म्हणजे कोणता एकोजी याबद्दल शंका राहू नये. सोबत मला चिठ्ठी : ‘तात्ता, हे टपालात टाका. तुमचे पेन्शन सुटू दे. नोकरी दुसरी मिळेल.’ सही त्याला मीच शिकवली होती, सातवीत असताना, परीक्षेच्या प्रवेशपत्रासाठी. माझीच सही आहे ती. शेजारी ठेवल्या तर मलाही ओळखता आल्या नाहीत.

१७. तो नमुना मी फाडला. दुसरा कोरा काढून भरला. पैज लावणाऱ्याचे नाव : एम. एकोजी राव. सही : तीच. अधिक ओळखीच्या ओळीत माझ्या पेन्शन ऑर्डरचा क्रमांक लिहिला. त्यात नाव खरे आहे, सही खरी आहे, आणि इटली मीच म्हटले होते. पण तो क्रमांक खोटा बसवलेला आहे, हे मला माहीत आहे. १९६७ साली जी नोंद मी केली नाही, ती त्या शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर केली. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले, याचे मलाच वाईट वाटले. सात वर्षांनी माझे नाव आपल्या यादीतून निघेल तेव्हा मी त्र्याऐंशीचा असेन, किंवा वेगळ्या यादीत असेन.

१८. मग हे सगळे लिहिले कशाला, असे आपण विचाराल. नमुना पाठवला असता तरी काम झाले असते. पण रेकॉर्डच्या माणसाची ही खोड आहे : जगात एक तरी वाचणारा असा असावा, ज्याला खरी नोंद ठाऊक आहे. आपल्या कार्यालयात मराठी वाचणाऱ्या आपण एकट्याच आहात, असे आपणच फोनवर म्हणालात. या अर्जाच्या भाषेचे कारण तेवढेच.

सबब विनंती, की

(अ) जोडपत्र क्रमांक एक फाइलला लावून माझे खाते मोकळे करावे. अर्ज क्रमांक तीनमधील ‘सदर पैज मी लावलेली नाही’ हे वाक्य मी मागे घेतो.

(आ) हा अर्ज फाइलला लावू नये आणि आवक नोंदवहीत चढवू नये. वाचून मला परत पाठवावा. जे फाइलला लागत नाही ते घडलेले नसते, हे मी आपणांस अनुभवाने सांगतो.

(इ) तरुणचा फोन आल्यास ‘एम. एकोजी राव यांचा नमुना मिळाला’ एवढेच सांगावे. त्यात आपणांस खोटे बोलावे लागणार नाही.

(ई) थकबाकीच्या प्रकरणात आपण काही करू शकत नाही, हे मला समजते. फाइलीप्रमाणे ती मला मिळालेली आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणार नाही, खाते मोकळे झालेले पासबुकात दिसेलच.

आपला नम्र आणि थकलेला खातेदार,

(सही)
एम. एकोजी राव
निवृत्त मुख्य लिपिक, रेकॉर्ड सेक्शन

जोडपत्रे :

१. भरलेला नमुना, पेन्शन ऑर्डरच्या क्रमांकासह. मूळ प्रत.

२. पासबुकाच्या पानाची झेरॉक्स. पुसट ओळ पेन्सिलीने गडद केली आहे.

३. अर्ज परत पाठवण्यासाठी तिकीट लावलेले पाकीट. त्यावर माझे नाव घातलेले नाही, कारण एम. एकोजी राव या नावाने आलेले पत्र आमच्या घरी कोण उघडील याचा नेम नाही. सौ. राजसबाई यांच्या नावे पाठवावे. तिला कोणी पत्र लिहीत नाही, म्हणून ती ते न फोडता आधी माझ्याकडेच आणील.